सूरसागर सोडून थेट समुद्रात

प्रश्न: आम्ही दांडियाबाजारातले. मुलगा फेब्रुवारीत मित्रांबरोबर फुकेटला शिडाची बोट घेऊन आठ दिवस फिरणारे. सूरसागर तलाव सोडला तर आम्ही पाणी बघितलंय कुठे! काय काळजी घ्यायला सांगू? – एक आई, बडोदा

उत्तर: ताई, महिना बरा निवडलाय, तिकडे नोव्हेंबर ते एप्रिल हवा कोरडी असते. पिण्याचं-स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज 4 लिटर तरी धरा, सगळं एकाच टाकीत नको, आणि डबा भरून लीलो चिवडा देणार असाल तर अजून वाढवा हां!

मला जास्त भीती वाटते ती प्रवाळाची, म्हणजे पाण्याखालच्या पोवळ्याच्या खडकांची, बोट त्यावर आपटू शकते. ऊन डोक्यावर नि पाठीशी असलं की तपकिरी ते उथळ, गडद निळं ते खोल असं सरळ दिसतं, पण संध्याकाळी सूर्य समोर आला की नुसती चकाकी, म्हणून नांगर दुपारी 4 च्या आत टाकायचा, उगाच फोटोसाठी थांबायचं नाही. काळा ढग दिसला की वारा यायच्या आधीच शीड कमी करायचं. रात्री डेकवर लाइफजॅकेट आणि हार्नेस (बोटीला बांधून ठेवणारा पट्टा), लघवीला उठला तरी. संकटात बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर, चॅनल 16 वर तीनदा ‘मेडे’ (मदतीची हाक), मग बोटीचं नाव, जागा, माणसं किती, हे कागदावर लिहून रेडिओशेजारीच चिकटवायला सांगा.