घर्षणाच्या गणितात थेट म्यू गुणिले एन लिहू नकोस
हे बघ, आधी फ्री बॉडी डायग्राम काढ, प्रत्येक वस्तूची वेगळी, आणि त्यात फक्त त्या वस्तूवर लागणारी बलं दाखव, ती दुसऱ्यावर लावते ती नाही. निम्मं गणित तिथेच सुटतं खरं तर.

आता घर्षण. म्यू म्हणजे घर्षण गुणांक, आणि एन म्हणजे पृष्ठभाग वस्तूला लंब दिशेने ढकलतो ते बल. समज 5 किलोचा ठोकळा सपाट जमिनीवर आहे, स्थैतिक म्यू (हलण्याआधीचा) 0.4, गतिज (घसरतानाचा) 0.3, जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण 10 धर. तू 12 न्यूटनने ढकललंस तर घर्षण किती? बहुतेक पोरं 0.4 गुणिले 50 म्हणजे 20 लिहून मोकळी होतात. 20 ही कमाल मर्यादा आहे रे, ठोकळा हलतच नाही म्हणजे घर्षण 12 च. 25 ने ढकललंस की तो सुटतो, मग गतिज घर्षण 15, उरले 10, त्वरण 2. म्हणून हलतंय की नाही हे आधी तपासायचं, नेहमी.

आणि एन म्हणजे दरवेळी एमजी, म्हणजे वस्तूचं वजन, नसतं. उतारावर एमजी कॉस थीटा (थीटा म्हणजे उताराचा कोन), दोरी तिरकी वर ओढली तर अजून कमी, कारण दोरी थोडं वजन उचलते.

दिशेचं पण सांगतो, घर्षण गतीच्या उलट असतं असं पाठ करू नकोस, ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरच्या घसरण्याला विरोध करतं. ट्रक वेग घेतो तेव्हा मागच्या खोक्याला पुढे नेतं ते घर्षणच, वरचाच म्यू 0.4 धरला तर त्वरण 4 च्या वर गेलं की खोका मागे सरकणार. हे एकदा स्वतः सोडवून बघ, अडलास तर आकृतीसकट विचार.