नुसत्या भोंग्यावरून इंजिन ओळखता येतं का?

प्रश्न : आमचं घर कणकवलीजवळ, मागचे दोन कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे, ओलांडले की रूळ. नाना म्हणजे माझे वडील पडवीत बसल्या बसल्या भोंगा ऐकून सांगायचे, ही मालगाडी, ही मांडवी, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. लाइन इलेक्ट्रिक झाल्यापासून म्हणतात भोंगेच बदलले, काही कळत नाही. डिझेल आणि इलेक्ट्रिकचे भोंगे खरंच वेगळे असतात का? आणि गाडी पुढून गेली की आवाज एकदम खाली का येतो?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : आधी नानांना नमस्कार सांगा, असे कान फार थोड्यांचे असतात. भोंग्याचं म्हणाल तर डिझेल की इलेक्ट्रिक याच्याशी त्याचा थेट संबंध नाही, दोन्हीकडे तो हवेवरच वाजतो. ब्रेकसाठी कॉम्प्रेसर जी हवा टाकीत दाबून भरतो, साधारण ८ ते १० किलो प्रेशरची, तीच हवा पायलटने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याने, भोंगा दिला की आत घुसते, आतला पातळ गोल पत्रा थरथरतो आणि पुढचा कर्णा तो आवाज लांब फेकतो. रत्नागिरीला इंजिन उभं दिसलं तर प्लॅटफॉर्मवरून केबिनच्या वर बघा, कर्णे जोडीने असतात, एक लांब एक आखूड. लांब तो खर्जात, आखूड तो वरच्या पट्टीत, आणि पायलट कुठलाही एक वाजवू शकतो किंवा दोन्ही मिळून. म्हणजे एकाच इंजिनाचे तीन आवाज झाले की! त्यात भोंगे बनवणारे अनेक, त्यामुळे एकाच जातीच्या दोन इंजिनांचाही सूर कधीकधी जुळत नाही.

मग नाना ओळखायचे कशावरून? मला वाटतं भोंग्यामागच्या इंजिनावरून. जुनं अल्को, म्हणजे डब्ल्यूडीएम-३ए जातीचं डिझेल इंजिन, १६ सिलिंडरचं फोर स्ट्रोक, धडधड करत यायचं, चढावर तर छातीत जाणवायचं. डब्ल्यूडीपी-४ हे डिझेल टू स्ट्रोक, त्याची सलग घरघर. कोकण रेल्वे १९९८ला पूर्ण सुरू झाली ती डिझेलवरच आणि २०२२ला सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण झालं, म्हणजे २४ वर्षं हेच आवाज त्यांच्या कानात बसलेले. आताच्या डब्ल्यूएपी-७ या इलेक्ट्रिक इंजिनाचे ब्लोअर, म्हणजे थंड ठेवणारे पंखे, ऐकू येतात पण ते जवळ आल्यावर, लांबून येतो तो भोंगा एकटाच, मागे धडधड नाही, मग नाना तरी काय ओळखणार.

आपल्याकडे बोगदे आणि कटिंगपण आहेत, कटिंग म्हणजे रुळांसाठी डोंगर कापून केलेली वाट. बोगद्याच्या आधी लांब भोंगा देतात, आत माणसं काम करत असू शकतात म्हणून, आणि जांभ्याच्या कटिंगमध्ये तो दोन्ही बाजूंना आपटून घुमतो, तोच भोंगा भातशेतात मोकळा आणि कोरडा वाटतो.

आता आवाज खाली येण्याचं. गाडी येताना आवाजाच्या लहरी दाटीने कानावर येतात म्हणून सूर चढा, जाताना त्या ताणल्या जातात म्हणून उतरतो, यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. ताशी १०० किमीने गाडी अगदी जवळून गेली तर फरक जवळजवळ कोमल गंधारावरून षड्जाइतका, घरात पेटी असेल तर दोन्ही पट्ट्या एकामागून एक दाबून बघा, लगेच ओळखाल. तुमच्या पडवीतून मात्र तो सूर एकदम न पडता हळूहळू उतरत जाईल कारण रूळ थोडे लांब आहेत. पायलटला हा फरक त्याच्या स्वतःच्या भोंग्यात कधीच ऐकू येत नाही, तो भोंग्याबरोबरच पुढे जात असतो ना.