वडील दोन वर्षं रोज पित्ताची गोळी घेतात, बंद करता येईल का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वडील ६२ वर्षांचे, तासगावकडं शेती, शुगर आणि बीपी दोन्ही. गुडघेदुखीच्या गोळ्यांबरोबर पित्तासाठी पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडॉनची कॅप्सूल सुरू झाली, ती दोन वर्षं चालूच आहे. बंद केली की तिसऱ्या दिवशी छातीत आग पडते. त्यात आता कुणीतरी किडनी जाते म्हणून घाबरवलंय. मी सांगलीत मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. गोळी बदलणं किंवा थांबवणं तुमच्या डॉक्टरांच्या हातात, पण त्यांना काय विचारायचं ते मी सांगू शकतो.

आधी त्या तिसऱ्या दिवसाबद्दल. गोळी सोडल्यावर आग पडली म्हणजे ती जन्मभर लागणार, असं नाही. पोटातलं आम्ल गोळीनं कमी केलं की शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि आम्ल बनवा असा निरोप धाडत राहतं. अनेक महिने चाललेली गोळी अचानक सोडली की काही दिवस, कधी काही आठवडे, पूर्वीपेक्षाही जास्त आम्ल तयार होतं. माणसाला वाटतं जुना आजार उलटला, आणि तो परत पट्टी न्यायला येतो. काउंटरवर हे मी सतत बघतो. म्हणून ही गोळी हळूहळू उतरवतात: ४० ची २० मिलिग्रॅम, दोनेक आठवड्यांनी एक दिवसाआड, मग बंद. मधल्या दिवसांत जळजळलं तर पातळ अँटासिड चालतं, फक्त इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवायचं.

पण उतरवण्याआधी ती सुरू का केली होती ते शोधा. चिठ्ठीवर गोळी कधी सुरू केली ते असतं, कधी थांबवायची ते बहुधा नसतं, आणि खरी अडचण मला तिथंच दिसते. गुडघ्याच्या गोळ्या थांबल्या असतील तर पित्ताच्या गोळीचं कारणही बहुतेक संपलं. पण वडील अजून अधूनमधून दुखण्याची गोळी परस्पर आणून घेत असतील, तर पित्ताची ही गोळीच त्यांना अल्सरपासून वाचवत असेल. हे त्यांना स्पष्ट विचारा. आमच्याकडच्या माणसांना डायक्लोफिनॅक हे औषधच वाटत नाही, 'अंगदुखीची घेतली' एवढंच म्हणतात. अँजिओप्लास्टीनंतर रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल, पूर्वी पोटात रक्तस्राव झाला असेल किंवा अन्ननलिकेला जखमा असतील, तर घरच्या घरी बंद करू नका. क्लोपिडोग्रेल असेल तर पित्ताच्याच ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या गोळ्या टाळतात, कारण त्यांच्यामुळं क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. पॅन्टोप्राझोलचा हा त्रास कमी.

आता वडील गोळी कधी घेतात? बहुतेकांचं इथंच चुकतं. जठरातल्या पेशींमध्ये आम्ल सोडणारे पंप असतात. गोळी पोटातल्या आम्लावर नाही, या पंपांवर काम करते, आणि तेही चालू असलेल्याच. उसाला पाणी पाजायच्या मोटरी डोळ्यांपुढं आणा: जी चालू आहे तिलाच हे कुलूप लागतं, बंद मोटर सुटते. जेवण पोटात गेलं की मोटरी सुरू होतात. गोळी रक्तात जेमतेम काही तास टिकते, पण त्या वेळात लागलेलं कुलूप दिवसभर पुरतं. म्हणून ती न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी, पाण्याबरोबर घ्यायची. शेतकरी माणूस पहाटे सहाला अनशापोटी गोळी घेऊन रानात जातो आणि भाकरी खातो अकराला, मग तोवर औषध ओसरलेलं असतं. जेवून झाल्यावर घेतली तरी फायदा कमीच. वडील दहाला न्याहारी करत असतील तर गोळी नऊ-साडेनऊला. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस जातात, त्यामुळं जळजळलं की एक टाकली, असं करण्यात अर्थ नाही. गोळी फोडायचीही नाही आणि चावायचीही नाही. तिच्यावरचं आवरण आम्लापासून औषध वाचवायला असतं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

किडनीपेक्षा मला त्या 'डी' ची जास्त काळजी वाटते. डी म्हणजे डॉमपेरिडॉन, मळमळ थांबवून अन्न पुढं ढकलणारं औषध. आपल्याकडच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये ते ३० मिलिग्रॅम असतं. काही लोकांमध्ये त्यानं हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि साठीच्या पुढं हा धोका वाढतो. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये हे औषध शक्यतो आठवडाभरच द्यावं असं सांगितलं. तुमचे वडील दोन वर्षं घेताहेत. पॅन्टोप्राझोल ठेवायचं असलं तरी डी हवंच का, हे डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. मधेच सर्दी-खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल लिहून दिलं, तर ही कॅप्सूल चालू असल्याचं आवर्जून सांगा.

किडनीचं म्हणाल, तर या गोळ्यांनी किडनीला अचानक सूज येऊ शकते, पण ते क्वचित. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत किडनीचे आजार जास्त दिसल्याचे अभ्यास आहेत, पण ते गोळीमुळंच, हे सिद्ध झालेलं नाही. शुगरसाठी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करताच, तेवढं चुकवू नका. बी-१२ मात्र बघाच. ते अन्नातून सुटं व्हायला आम्ल लागतं, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यानंही ते कमी होतं, आणि वडील माळकरी असतील तर मटण-अंड्याचा आधारही नाही. मग पायाला मुंग्या येतात आणि सगळे शुगरवर ढकलतात. बीपीसाठी लघवीची गोळी असेल तर मॅग्नेशियमही तपासायला सांगा. पायात गोळे येणं, धडधडणं त्यानंही होतं. थायरॉईडची किंवा लोहाची गोळी असेल तर ती कमी शोषली जाते, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

घरात जुनी रॅनिटिडीनची पट्टी सापडली तर ती पर्याय म्हणून देऊ नका. एनडीएमए या अशुद्धीमुळं अमेरिकेनं २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली आणि आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही २०२२ मध्ये ती गेली. त्याच जातीचं फॅमोटिडीन मिळतं, पण विचारून.

पथ्याचं लांबण लावत नाही. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा आणि तंबाखू बंद, एवढ्यानंही बराच फरक पडतो. भडंग सोडा असं मी सांगणार नाही. तिखटानं अल्सर होत नाही, फक्त त्यांना स्वतःला जळजळतं का ते बघा.

गिळताना घास अडकणं, काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, विनाकारण वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर गोळ्यांची चर्चा बाजूला ठेवा आणि मिरजेला नेऊन दुर्बिणीची तपासणी करून घ्या. चढावर चालताना छाती भरून येत असेल, दुखणं हाताकडं किंवा जबड्याकडं जात असेल, तर ते पित्त समजू नका, त्याच दिवशी ईसीजी काढा. आणि पोटातल्या एच. पायलोरी जंतूची तपासणी ठरली, तर ही गोळी साधारण दोन आठवडे आधी थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट नसल्याचा येऊ शकतो. ती कशी थांबवायची हे तारीख घेतानाच विचारून ठेवा.