मांजरीची नखं काढून तिला बाहेर फिरू दिलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की मांजर सोफा फाडते, घरातल्या लहान मुलाला बोचकारते, म्हणून तिला डीक्लॉ करून घ्यावं का, म्हणजे ऑपरेशनने नखं कायमची काढून टाकावीत का, आणि तिला बाहेर भटकायची सवय आहे ती नंतरही चालू ठेवली तर चालेल का. माझं स्पष्ट मत, नखं काढू नका. आणि जी मांजर बाहेर जाते तिची तर अजिबातच काढू नका.

या ऑपरेशनमध्ये नक्की काय कापतात हे बऱ्याच लोकांना कोणी नीट सांगतच नाही, त्यामुळे ते नसबंदीसारखंच एक साधं काम वाटतं. मांजरीचं नख आपल्यासारखं बोटाच्या वर नुसतं बसलेलं नसतं, ते बोटाच्या शेवटच्या हाडातून वाढतं. नख परत येऊ नये म्हणून ते हाडच सांध्यापासून कापून टाकतात, म्हणजे आपल्या प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर कापल्यासारखं, आणि फक्त पुढचे पंजे धरले तरी अशी १० बोटं झाली. लेझरने केलं तर रक्त कमी जातं, पण कापलं जातं तेच हाड. त्यात मांजर चालते बोटांवर, त्यामुळे जखम भरल्यावरसुद्धा पुढच्या शरीराचा सगळा भार रोज त्याच कापलेल्या टोकांवर पडत राहतो आणि चाल बदलली की पाठीवर ताण येतो. दुसरा एक प्रकार आहे ज्यात हाड तसंच ठेवून फक्त स्नायूची दोरी कापतात, मग नख असतं पण तिला ते बाहेर काढता येत नाही, ते जाड होत जातं आणि आयुष्यभर तुम्हालाच कापत बसावं लागतं, नाहीतर गादीत रुततं. मग नखं कापायचीच आहेत तर ऑपरेशन कशाला?

तुमची खरी काळजी मुलाची आहे, ती मला पूर्ण समजते, पण तिथेच हा उपाय सगळ्यात जास्त उलटू शकतो. नख गेलेल्या मांजरीकडे स्वतःला वाचवायला दातच उरतात. २७४ मांजरांचा एक अभ्यास झालाय, त्यातल्या निम्म्या डीक्लॉ केलेल्या होत्या, आणि त्यांच्यात चावणं, लिटरबाहेर (शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेबाहेर) घाण करणं आणि पाठदुखी हे सगळं बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसलं, शिवाय डीक्लॉ केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मांजरांच्या पंजात हाडाचे तुकडे राहून गेलेले एक्सरेत सापडले. लिटरचं कारण सरळ आहे, दुखऱ्या पंजाने वाळू उकरवत नाही म्हणून ती मऊ जागा शोधते, मग गादी, कपडे, पायपुसणं. आणि चावा हा ओरखड्यापेक्षा कितीतरी वाईट, कारण दात बारीक आणि खोल जातो, वरचं भोक लगेच बंद होतं आणि जंतू आत राहतात. हाताला मांजर चावली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं लागतं, मूल असेल तर नक्कीच.

ब्रिटनमध्ये पाळणाऱ्याच्या सोयीसाठी हे करणं बेकायदेशीर आहे, इस्रायलने २०११ मध्ये बंदी घातली, अमेरिकेत न्यूयॉर्क हे २०१९ मध्ये बंदी घालणारं पहिलं राज्य ठरलं. मला वाटतं हे सगळीकडेच व्हायला हवं.

आता बाहेर सोडण्याचं. मागच्या पायांना नखं राहतात ना, मग ती झाडावर चढेलच, असं बरेच जण म्हणतात. पण चढताना पकड पुढच्या नखांची असते, मागचे पाय फक्त वर ढकलतात. कुत्रं मागे लागलं तर भिंतीवर किंवा झाडावर चढून सुटायला जे क्षण मिळतात तेवढेच तिच्या हातात असतात, आणि नेमकी त्याच वेळी तिची पकड जाते. दुसऱ्या बोक्याशी भांडण झालं तर फटका मारून त्याला लांब ठेवता येत नाही, सरळ चावाचावी होते, आणि एफआयव्ही हा मांजरांचा व्हायरस मुख्यतः चाव्याच्या जखमांतूनच पसरतो. म्हणजे तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी एकत्र जमतच नाहीत. ज्यांची मांजर आधीच डीक्लॉ केलेली आहे त्यांनी तिला मोकळं सोडूच नये, लिटर मऊ बारीक दाण्यांचं ठेवावं आणि लंगडत असेल किंवा पंजाला हात लावू देत नसेल तर व्हेटकडून, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडून, पंजाचा एक्सरे काढून घ्यावा.

खरं सांगायचं तर नखं असलेली मांजरही मोकाट सोडायला माझा विरोधच आहे, गाड्या आहेत, विषारी गोष्टी आहेत, रेबीज आहे आणि ती पक्षी मारते ते वेगळंच. तुमचीला सवय आहे म्हणून एकदम दार बंद केलं तर ती ओरडून घर डोक्यावर घेईल, तर आधी रात्रीचं बाहेर जाणं बंद करा, मग जाळी लावलेली बाल्कनी किंवा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घालून फिरवणं. नसबंदी आणि लसी झाल्या नसतील तर ते सगळ्यात आधी, नसबंदीनंतर भटकायची ओढ बऱ्यापैकी कमी होते.

सोफ्याचं म्हणाल तर ओरबाडणं ती बंद करणार नाही आणि करूही नये, त्याने नखावरचं जुनं टरफल निघतं, अंग ताणलं जातं आणि पंजाच्या वासाने ती जागा आपली करते. तिला फक्त दुसरी जागा द्यायची. स्क्रॅचिंग पोस्ट, म्हणजे ओरबाडायचा खांब घ्या, पण उंच, म्हणजे ती मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणली जाईल एवढा, आणि जड, कारण एकदा का तो डुगडुगला की ती परत त्याच्याकडे बघणार नाही. बाहेरून जाड दोर गुंडाळलेला चांगला. लोक तो कोपऱ्यात ठेवतात आणि म्हणतात वापरत नाही, अहो तो सोफ्याला चिकटून ठेवा, जिथे ती आत्ता ओरबाडते तिथेच, आणि सोफ्याच्या त्या बाजूला डबल साइड टेप लावा, तो चिकटपणा त्यांना आवडत नाही. पोस्टवर ओरबाडलं की लगेच खाऊ. काही मांजरांना आडवं आवडतं, त्यांना जाड पुठ्ठा जमिनीवर टाकून बघा.

आणि दर २-३ आठवड्यांनी नखांची टोकं कापा. ती झोपाळलेली असताना पंजा हलका दाबला की नख बाहेर येतं, आतला गुलाबी भाग सोडून फक्त टोक. एका बैठकीत सगळी झाली पाहिजेत असं काही नाही, आज दोन, उद्या दोन. पहिल्यांदा व्हेटकडून दाखवून घ्या. नखांवर चिकटवायच्या मऊ टोप्याही मिळतात, ४ ते ६ आठवडे टिकतात, पण बाहेर जाणाऱ्या मांजरीला त्या लावू नका. मुलाला हाताने खेळवू देऊ नका, काठीला बांधलेलं खेळणं द्या, आणि मांजरीला उंचावर एक जागा करून द्या जिथे मुलाचा हात पोचणार नाही, कारण बहुतेक वेळा ती बोचकारते ते निघून जायला वाट नसते म्हणून.