12 लाखांपर्यंत टॅक्स माफ, मग माझे 300 कुठे गेले?

मागच्या अंकात संसदेतल्या बजेटच्या चर्चेवर लिहिलं होतं. सरकारी बाकांवरून सांगत होते की कोविडनंतर अर्थव्यवस्था सावरली, मध्यमवर्गाला मोठी सवलत दिली, आणि समोरचे विचारत होते की मग लोकांचे पगार का वाढत नाहीत. त्यावर पत्रं बरीच आली, चार निवडलीयत.

प्रश्न : मी लोअर परळला एका टॉवरमध्ये हाऊसकीपिंगला आहे. टीव्हीवर सांगतात 12 लाखांपर्यंत टॅक्स नाही, आणि माझ्या फेब्रुवारीच्या स्लिपमध्ये 300 रुपये टॅक्स कापलाय. पगार 16,500. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सरकारचा आहे. स्लिपचा फोटो पाठवतोय. (एक वाचक, ना. म. जोशी मार्ग)

दादा, कॉन्ट्रॅक्टर खरं बोलतोय, निदान या एका बाबतीत तरी. टीव्हीवर जो सांगतायत तो इन्कम टॅक्स, केंद्राचा. तुमचा कापला तो प्रोफेशनल टॅक्स, राज्याचा. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिन्याला 10 हजारांच्या वर गेला की दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2500. राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने याच्यावर वर्षाला 2500 ची मर्यादा घातलीय, त्यामुळे गंमत अशी होते की तुम्ही ज्या टॉवरची लिफ्ट पुसता त्याच लिफ्टने वर जाणारा, महिन्याला पाच लाख घेणारा साहेबसुद्धा 2500 च भरतो आणि तुम्हीपण 2500 च. बायकांना एप्रिल 2023 पासून 25 हजारांपर्यंत हा टॅक्स नाही, तेव्हा तुमच्यासोबत काम करणाऱ्या एखाद्या ताईंचा कापत असतील तर त्यांना हे दाखवा.

आता ते 12 लाख. ती सवलत मिळायला आधी तुम्ही इन्कम टॅक्स भरत असायला हवं ना. नव्या टॅक्स रेजीममध्ये 7 लाखांपर्यंत तसाही शून्यच होता, फेब्रुवारी 2025 च्या बजेटने तो 12 वर नेला, पगारदाराला स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) धरून 12 लाख 75 हजार. तुमचं वर्षाचं होतं 1 लाख 98 हजार. म्हणजे सरकारने जे साधारण 1 लाख कोटी सोडल्याचं सांगितलं त्यातला एक रुपयाही तुमच्याकडे यायचा प्रश्न नव्हता. अर्थमंत्र्यांचं म्हणणं असं की मध्यमवर्गाच्या हातात पैसा राहिला की तो खर्च करेल, मग मागणी वाढेल, मग काम वाढेल. वाढेलही. पण तो पैसा पाझरत पाझरत लोअर परळच्या बेसमेंटमधल्या मॉपपर्यंत कधी पोचतो याची तारीख सभागृहात कोणी दिली नाही.

स्लिप नीट पाहिली. पीएफ 1440, ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) 124, प्रोफेशनल टॅक्स 300, आणि खाली बारीक अक्षरात ‘युनिफॉर्म 250’. हातात 14,386. पीएफ तुमचाच आहे, यूएएनच्या (तुमचा पीएफचा नंबर) पासबुकात जमा होतोय का बघा, कारण स्लिपवर कापलाय म्हणजे भरलाय असं नसतं. ईएसआयसीचं कार्ड नसेल तर मागून घ्या, घरच्यांचं नाव घाला. आणि ते युनिफॉर्मचे 250 कुठल्या कलमाखाली कापले ते लेखी विचारा, कारण पगारातून काय काय कापता येतं याची यादी कायद्यात आहे, मनाला येईल ते नाही कापता येत. उत्तर नाही मिळालं तर बीकेसीला कामगार भवन आहे, कामगार खात्याचं ऑफिस, तिथे अर्ज द्या आणि पोच घ्या. कॉन्ट्रॅक्टरने पगार थकवला तर मूळ मालकावर जबाबदारी येते हेही लक्षात ठेवा, म्हणजे टॉवरवाल्यांवर.

प्रश्न : इकॉनॉमी सुधारली तर पगार का नाही वाढत? ऑफिसमध्ये विचारलं तर म्हणतात मार्केट खराब आहे. (बी.कॉम., कांदिवली)

मार्केट खराब असल्याचं तुमच्या ऑफिसला माहीत, सरकारच्या आर्थिक पाहणीला नाही 😀 जानेवारी 2025 च्या पाहणी अहवालातच लिहिलंय की 2023-24 मध्ये कंपन्यांचा नफा 15 वर्षांतल्या सगळ्यात वरच्या पातळीला गेला आणि पगार त्या मानाने मागे राहिले. हे विरोधकांचं भाषण नाही हो, सरकारचाच कागद आहे.

त्याआधी 20 सप्टेंबर 2019 ला कंपन्यांचा टॅक्स 30 वरून 22 टक्के केला होता, सवलती सोडणाऱ्यांसाठी, आणि नवीन कारखाने काढणाऱ्यांना 15. तेव्हाही हेच सांगितलेलं की पैसा वाचेल, गुंतवणूक होईल, नोकऱ्या येतील. आता 2025-26 च्या बजेटमधला ‘रुपया येतो कुठून’चा तो गोल तक्ता बघा, इन्कम टॅक्सचे 22 पैसे आणि कंपन्यांच्या टॅक्सचे 17. म्हणजे माणसं कंपन्यांपेक्षा जास्त भरतायत.

आणि खालच्या टोकाला? देशाचं किमान वेतनाचं फ्लोअर 2017 साली 176 रुपये रोज ठरलं. 26 दिवस धरले तर 4,576 रुपये. महाराष्ट्राचे दर त्याच्या वर आहेत म्हणून मुंबईत तो आकडा थेट लागत नाही, पण देश ज्याला तळ म्हणतो तो असा आहे, एवढ्यात इथे कॉटबेसिसवर, म्हणजे नुसती खाट भाड्याने घेऊन, झोपायची सोय आणि एक वेळचा डबा झाला तर नशीब. किमान वेतनाचा नवा कायदा, म्हणजे वेतन संहिता, संसदेने 2019 मध्ये पास केली, अंमलात आली नोव्हेंबर 2025 मध्ये. सहा वर्षं.

प्रश्न : माझं दादरला दुकान आहे. समोरच्या फूटपाथवर पाच-सहा वर्षं एक कुटुंब झोपतं. ही माणसं कामधंदा का करत नाहीत? आम्ही टॅक्स भरायचा आणि यांना घरं द्यायची का? (दुकानदार)

काका, तुम्ही शटर दहाला उघडता म्हणून तुम्हाला ती माणसं बसलेली दिसतात. एकदा पहाटे चारला फुलबाजारात या. मी एका बाईंशी बोललो, झेंडू निवडत होत्या, खराब वेगळा चांगला वेगळा, बोटं पिवळी झालेली, बोलताना हात थांबत नव्हता. नवरा लग्नाच्या सीझनला केटरिंगवाल्याकडे वाढपी, एरवी रोजंदारीसाठी नाक्यावर उभा राहतो. दोघांचं मिळून खोलीचं भाडं निघेल इतकं होतं, त्या म्हणाल्या, ‘भाडं देऊ हो, डिपॉझिट कुठून आणू?’ मानखुर्दला खोली बघितली होती, मालकाने एकरकमी मागितले आणि पहाटे चारला मानखुर्दवरून दादरला यायचं कसं, पहिली गाडी पकडून पोचेपर्यंत बाजार निम्मा उठलेला असतो. म्हणून फूटपाथ.

हे सुप्रीम कोर्टाने 1985 सालीच मान्य केलंय, ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका या केसमध्ये, की माणूस फूटपाथवर राहतो कारण त्याचं काम जवळ आहे आणि जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. फूटपाथवर कायम राहायचा हक्क मात्र कोर्टाने दिला नाही, नोटीस देऊन हटवता येईल म्हटलं. 2010 मध्ये त्याच कोर्टाने शहरांना सांगितलं की लाख लोकवस्तीमागे एक निवारा हवा. 2011 च्या जनगणनेत मुंबई 1 कोटी 24 लाखांची, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत, आणि बेघर मोजले गेले सुमारे 57 हजार. आपण त्या सव्वाशेच्या जवळपासही नाही. जे आहेत त्यांत बहुतेक ठिकाणी पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, मुलं वेगळी, मग त्या बाईंनी तिथे जाऊन काय संसार मोडायचा?

आणि टॅक्स तेही भरतात. तुमच्याकडून अंगाचा साबण घेतात ना? 22 सप्टेंबर 2025 पर्यंत त्यावर 18 टक्के जीएसटी होता, आता 5 आहे. पाच रुपयांच्या पुड्यात फरक किती पडला ते तुम्ही काउंटरवर बसता, मला नका विचारू.

प्रश्न : बेघरांवर संसदेत कोणी बोलतच नाही का? टॅक्सवर तासन्‌तास चालतं. (विद्यार्थी, कलिना)

बोलतात, पण वेळच संपतो. बजेटवर सर्वसाधारण चर्चा होते ती टीव्हीवर दिसते. त्यानंतर एकेका मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या येतात, खरा हिशेब तिथे. तिथे खासदार कपात सूचना देऊ शकतो, धोरणच पटत नसेल तर मागणी एक रुपयावर आणा म्हणायचं, एखादी ठरावीक तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपयांनी कमी करा म्हणायचं. पैसे कोणाला कमी करायचे नसतात, त्या निमित्ताने बोलायला मिळतं. पण चर्चेला मोजकीच मंत्रालयं येतात, शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात, म्हणजे मुंडकं छाटायचं यंत्र. नाव बरोबर ठेवलंय.

राहिला प्रश्नोत्तराचा तास. तुमच्या खासदारांना पत्र लिहा, तारांकित प्रश्न टाकायला सांगा, किमान 15 दिवस आधी नोटीस लागते. फक्त ‘बेघरांसाठी सरकार काय करतंय’ असं मोघम नका, कारण मग उत्तर ठरलेलं असतं की जमीन आणि वसाहत हा राज्याचा विषय, आणि राज्यात विचारलं की महापालिका, आणि महापालिकेत विचारलं की जागा नाही. असं विचारायला सांगा की मुंबईतल्या निवाऱ्यांसाठी केंद्राने किती दिले, किती खर्च झाले, किती परत गेले आणि आज किती खाटा चालू आहेत, वर्षवार. आकडा मागितला की ‘राज्याचा विषय’ म्हणून हात झटकणं अवघड जातं. तारांकित असला की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि पुरवणी प्रश्न विचारता येतो, अतारांकितला नुसता कागद येतो.

ता. क. : ना. म. जोशी मार्गवाले दादा, युनिफॉर्मच्या 250 चं लेखी उत्तर आलं की फोटो पाठवा, नाव झाकून पुढच्या अंकात छापतो.