निधनवार्तेतले ‘सार्वकालिक जीवन’

प्रश्न असा आहे: एका ख्रिस्ती कुटुंबाच्या निधनवार्तेत ‘सार्वकालिक जीवनाच्या आशेने प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ असे वाक्य होते. इथे ‘अमर’ किंवा ‘अनंत’ का लिहीत नाहीत? ‘आशा’ म्हटल्याने खात्री नाही असा अर्थ होतो का? आणि सांत्वनाच्या पत्रात ‘कै.’ किंवा ‘स्वर्गवासी’ लिहिलेले चालेल का?

आधी शब्दाची घडण. ‘सर्वकाल’ला ‘इक’ प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणून ‘सार्वकालिक’, सर्वजन–सार्वजनिक तसेच. ‘सर्वकालिक’ आणि ‘सार्वकालीक’ ही दोन्ही रूपे छापलेली दिसतात, दोन्ही चुकीची आहेत. रोजच्या बोलण्यात हा शब्द फारसा येत नाही, पण मराठी ख्रिस्ती माणसाला तो लहानपणापासून पाठ असतो, कारण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातल्या, तिसऱ्या अध्यायाचे सोळावे वचन याच शब्दांवर संपते: ‘…त्याला सार्वकालिक जीवन प्राप्त व्हावे.’

मूळ ग्रीक शब्दजोड ‘झोए आयोनिओस’ अशी आहे. ‘झोए’ म्हणजे जीवन आणि ‘आयोनिओस’ हे ‘आयोन’, म्हणजे युग, या शब्दावरून झालेले विशेषण. त्या काळच्या यहुदी विचारात सध्याचे युग आणि येणारे युग अशी विभागणी होती, आणि हे जीवन त्या येणाऱ्या युगाचे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात ‘येणाऱ्या युगात सार्वकालिक जीवन’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले आहेत. म्हणजे शब्दाचा भर नुसत्या लांबीवर नाही, जीवनाच्या जातीवर आहे. ‘अनंत’ने फक्त लांबी कळते. योहान सतराव्या अध्यायात व्याख्याच देतो: एका खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखणे हेच सार्वकालिक जीवन.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. योहान 5:24 मध्ये विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन ‘प्राप्त झाले आहे’ आणि तो मरणातून जीवनात ‘पार गेला आहे’ असे म्हटले आहे. ही दोन्ही वाक्ये जिवंत माणसाबद्दल आहेत. म्हणून ‘अमुक तारखेला त्यांनी सार्वकालिक जीवनात पदार्पण केले’ ही निधनवार्तेतली रूढ वाक्यरचना मला अपुरी वाटते. त्या जीवनाची सुरुवात मृत्यूच्या दिवशी होते असे तिच्यातून ध्वनित होते आणि योहानाचे म्हणणे तसे नाही.

आता ‘अमर’. बायबलच्या मराठीत ‘अमरत्व’ आहे, पण फार जपून वापरलेले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अमरत्व एकट्या देवालाच आहे असे म्हटले आहे, तर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात मर्त्याने अमरत्व ‘परिधान करावे’ असे. परिधान करायची वस्तू बाहेरून मिळते, ती अंगची नसते. आपल्याकडे ‘अमर आत्मा’ म्हटले की गीतेतला न जन्मणारा, न मरणारा आत्मा डोळ्यांपुढे येतो. ख्रिस्ती आशेचा गाभा मात्र देहाचे पुनरुत्थान हा आहे. देवाने उठवावे तेव्हा माणूस उठतो, आणि देहासकट उठतो. त्यामुळेच ईस्टरच्या बातमीत ‘येशूचा पुनर्जन्म’ असे छापणे ही साधी शब्दाची चूक राहत नाही, त्याने अर्थच उलटतो. पुनर्जन्म म्हणजे दुसरा देह घेऊन पुन्हा मर्त्य आयुष्यात येणे. पुनरुत्थान म्हणजे तोच देह पालटून उठणे, पुन्हा मृत्यू नाही. ‘पुनर्’ अधिक ‘उत्थान’ अशी फोड लक्षात ठेवली की ‘पुर्नरुत्थान’ असा रफाराचा घोटाळाही होत नाही.

‘मोक्ष’ही याच कारणाने बसत नाही. त्यात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका आहे. इथे फेराच मानलेला नाही. प्रॉटेस्टंट मराठीने त्याऐवजी ‘तारण’ हा शब्द घेतला, बुडणाऱ्याला पैलतीरी नेण्याचा. बँकेतल्या ‘तारण’ची त्यात गल्लत करू नये.

‘स्वर्ग’ या शब्दाची अडचण वेगळी आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात ‘क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति’ असे आहे: पुण्य सरले की स्वर्गातून परत यावे लागते. बहुधा हेच ओळखून फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात रायतूर येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराण’ या ओवीबद्ध मराठी ख्रिस्तकथेत देवाच्या निवासाला ‘वैकुंठ’ म्हटले असावे, कारण वैकुंठातून परतणे नाही. पुराणाच्या आरंभीच्या नमनात ‘स्वर्ग’ही आहे, पण तिथे तो पृथ्वीच्या जोडीने, देवाने रचलेल्या सृष्टीचा भाग म्हणून येतो. पुढे मराठी बायबलात ‘स्वर्ग’च रूढ झाला आणि ‘वैकुंठ’ मागे पडले. कोकणी प्रार्थनेतही ‘आमच्या बापा सर्गींच्या’ असेच म्हणतात. सार्वकालिक जीवनाला मात्र कोकणीने ‘सासणाचें जिवित’ हा स्वतःचा सुंदर शब्द दिला.

मराठी बायबलातला मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारा शब्द आहे ‘वतन’. धनवान तरुण येशूला विचारतो की सार्वकालिक जीवन हे वतन मिळावे म्हणून मी काय करावे. ग्रीक क्रियापद वारसाहक्काने मिळण्याचे आहे आणि मराठीत वारशाने चालत येणाऱ्या हक्काला वतनाइतका नेमका शब्द नव्हता. पण महाराष्ट्रात वतनाला दुसरीही बाजू होती: ते गावकीच्या सेवेला बांधलेले असे. महार वतनाने माणसे कशी जखडली जातात हे डॉ. आंबेडकरांनी मांडले, त्यासाठी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, आणि कनिष्ठ गाववतने अखेर 1958 च्या कायद्याने रद्द झाली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, याच वतनदार जातींतून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांच्या कानाला स्वर्गातले ‘वतन’ दोन्ही अर्थांनी ऐकू येते. म्हणून हे वचन समजावताना ‘सेवेच्या मोबदल्यात नव्हे, लेकराच्या नात्याने’ एवढे जोडावेच लागते.

‘आशा’बद्दलची शंका रास्त आहे. ‘पाऊस येईल अशी आशा आहे’ म्हणताना न येण्याचीही तयारी असते. बायबलच्या नव्या करारातली आशा तशी नाही. इब्री लोकांस पत्रात विश्वास म्हणजे आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा असे म्हटले आहे, आणि त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. देशावरचा वाचक इथे हमखास अडखळतो, कारण त्याला शेतातला नांगर दिसतो. इथे गलबताचा नांगर अभिप्रेत आहे; कोकण किनाऱ्यावर हे सांगावे लागत नाही. रोमच्या भुयारी दफनभूमींत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांच्या थडग्यांवर हाच नांगर कोरलेला आढळतो. निधनवार्तेतल्या ‘आशेने’चा अर्थ तोच: तळाला रुतलेली, दिसत नसली तरी धरून ठेवणारी.

तिच्या जोडीला ‘उत्कंठा’ येते. आज तो शब्द क्रिकेटच्या शेवटच्या षटकापुरता उरला आहे, पण ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘कंठ’ म्हणजे गळा; मान उंचावून वाट पाहणे हा त्याचा जुना अर्थ. प्रेषित पौल फिलिप्पैकरांना लिहितो की इथून निघून ख्रिस्ताजवळ असण्याची मला उत्कंठा आहे, तरी तुमच्यासाठी देहात राहणे अधिक गरजेचे आहे. या दुसऱ्या वाक्याशिवाय पहिले उद्धृत करू नये. नुसते पहिले घेतले की जगण्याचा कंटाळा वाटतो, आणि तो पौलाच्या मनात नाही.

‘निद्रिस्त’ हे ‘निद्रित’चे मराठीत रुळलेले रूप. मेलेल्याला ‘झोपी गेलेला’ म्हणणे थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात आहे, कारण झोपलेला उठायचा असतो. गोव्यात दफनभूमीला ‘सिमितेर’ म्हणतात. तो पोर्तुगीजमार्फत आलेला ग्रीक ‘कोइमेतेरिओन’ आहे, म्हणजे झोपण्याची जागा.

राहिला पत्राचा प्रश्न. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. लिहिणाऱ्याच्या मनात तसे नसले तरी ख्रिस्ती व्यक्तीच्या नावामागे ते लावू नये, ‘वैकुंठवासी’ही नको. ‘स्वर्गवासी’ चालते. ‘दिवंगत’ सर्वांत निर्धोक. वसईकडच्या कॅथलिकांत ‘ख्रिस्तवासी’ रूढ आहे. ‘सद्गती लाभो’ टाळावे, कारण गती कर्मानुसार ठरते ही कल्पना त्यात आहे. ‘आत्म्यास चिरशांती लाभो’ हे कॅथलिक घरी योग्य, कारण ते मृतांसाठी प्रार्थना करतात आणि 2 नोव्हेंबर हा दिवस त्यासाठीच राखलेला आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सहसा मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. तिथे मागे राहिलेल्यांना उद्देशून लिहावे: ‘पुनरुत्थानाच्या आशेत प्रभू आपले सांत्वन करो.’ कुटुंब कोणत्या मंडळीचे आहे हे ठाऊक नसेल तर हेच वाक्य दोन्हीकडे चालते.