फिश फाइंडर म्हणजेच सोनार का?

प्रश्न: मालवणला मामाच्या ट्रॉलरवर फिश फाइंडर बघितला. सर्व्हेवाले वापरतात ते सोनार हेच का? आणि गूगलवर समुद्राचा तळ दिसतो तो सगळा असाच मोजलाय?

उत्तर: तत्त्व तेच हो, दोन्ही पाण्यात आवाज सोडून तळावरून परत येणारा प्रतिध्वनी टिपतात. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर पळतो, म्हणजे खाली 30 मीटर पाणी असेल तर प्रतिध्वनी 0.04 सेकंदात परत, झाली खोली! पण मामाचं मशीन बोटीखालचंच बघतं, सर्व्हे जहाजाचं मल्टीबीम सोनार पंख्यासारखे आवाजाचे शेकडो झोत (बीम) दोन्ही बाजूंना सोडतं आणि एका फेरीत रुंद पट्टा मोजून काढतं. त्यात पाणी गरम-थंड, खारट-कमी खारट झालं की आवाजाचा वेग बदलतो आणि बीम वाकतो, म्हणून मधेमधे एक प्रोब (मोजणीचं उपकरण) दोरीने खाली सोडून वेग तपासावा लागतो, नाहीतर सपाट तळसुद्धा नकाशावर वाकडा येतो.

गूगलचं म्हणाल तर बराचसा तळ उपग्रहावरून काढलेला अंदाज आहे बरं का. पाण्याखालच्या डोंगराच्या गुरुत्वाकर्षणाने वरचं पाणी थोडं फुगतं, तो फुगवटा रडार मोजतं. सोनारने नीट मोजलेला भाग जेमतेम पाव. 2014 मध्ये बेपत्ता झालेलं मलेशियाचं एमएच370 विमान समुद्रात शोधताना आधी तळाचाच नकाशा करत बसावं लागलं ते यामुळेच.